जुनी पुसू नका

२ फेब्रुवारी, सोमवार

बांधून झाली! सकाळी साडेदहाला शेवटचा तुकडा चढला आणि पडद्यावर एकही चूक नाही. पाच आठवडे पेनड्राइव्हवरच्या उसन्या लिनक्सवर बसून माझी स्वतःची लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी सिस्टिम, मुळापासून जोडत होतो. आमच्या बारा वर्षांच्या खटारा कॉम्प्युटरला झेपेल एवढीच. चित्रं नाहीत, सजावट नाही. फक्त बोलणारी. अक्षर दाबलं की अक्षर बोलणार, ओळ आली की ओळ वाचणार. टेलिफोन एक्स्चेंजात चौतीस वर्षं तारा जोडल्या, पण इतका हट्ट कशाचा धरला नव्हता.

बायकोला सांगायला बाल्कनीत गेलो. खुर्चीत डोळे मिटून बसली होती. म्हणाली, “झालं ना? मग लावा की.”

लावा की! तिथंच तर घोडं अडलंय. बांधलीय, पण ती आहे हे मशीनलाच ठाऊक नाही. बटण दाबलं की जुनीच उठते. आता बूटलोडर बसवायचा. म्हणजे मशीन जागं होताच सगळ्यात आधी जो उठतो आणि विचारतो, बोला, कुठल्या सिस्टिमीत जायचंय, जुनी का नवी?

एकच ठेवली असती तर ही भानगडच नव्हती. जुनी पुसायची, नवी टाकायची, विषय संपला. पण हिनं पहिल्याच दिवशी बजावलंय — “जुनी पुसू नका हं. बरी झाले की मला तीच लागणार.”

बरी झाले की.

३ फेब्रुवारी

कुठंतरी लिहायलाच हवं. वही टेबलावर उघडी टाकली तरी चालते आता. हिला अक्षर दिसत नाही त्याला वर्ष होऊन गेलं. उजवा डोळा आधीच गेला होता, डाव्यात चिमूटभर उरलंय. माणूस दिसतो, खिडकी दिसते, जवळ धरलं तर चेहरा दिसतो.

चार नोव्हेंबर. हिच्या डोळ्यांत थेंब घालून हिला दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. “दुसराही जाणार. मार्च, फार तर एप्रिल. आता काही करता येण्यासारखं नाही. त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?” मी म्हटलं, “मी सांगतो. घरी गेल्यावर.”

बाहेर आलो. ही हनुवटी वर करून बसलेली, थेंब गालावर ओघळलेले. “काय म्हणाले?”

आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं. “पन्नास-पन्नास म्हणाले. डोळ्यांना आराम दिलास तर आहे तेवढं टिकेल, कदाचित सुधारेलही.”

आराम हा शब्द माझ्या पदरचा. डॉक्टरांनी तो उच्चारलासुद्धा नव्हता. मला वाटलं, हिच्या हाताला काहीतरी काम द्यावं. करण्यासारखं काही असलं की माणूस धीर धरतो.

हिनं मनावर घेतलं. आणि हिनं मनावर घेतलं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तीस वर्षं लोकांची हस्तलिखितं टाइप केली, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. घरी आल्या दिवसापासून टीव्ही बंद. काळा चष्मा. बाल्कनीतली खुर्ची. सकाळी दोन तास, दुपारी तीन तास.

५ फेब्रुवारी

उद्या सांगतो.

७ फेब्रुवारी

नाही सांगितलं. लेकीचा फोन आला. ती तिकडे लांब. तिलाही काही ठाऊक नाही — एकीला सांगायचं आणि दुसरीला नाही, हे कसं जमायचं? म्हणाली, “बाबा, पिल्लू बसायला लागलंय. फोटो पाठवलेत. आईला मोठे करून दाखवा ना.” हिनं माझ्या हातातून फोन घेतला. “नको गं, स्क्रीननं ताण येतो. साठवून ठेव. एकदम बघेन सगळे.”

डिसेंबरात लेक आठ दिवस राहून गेली, चार महिन्यांचं बाळ घेऊन. हिनं काळा चष्मा काढला नाही. बाळाला मांडीवर घ्यायची, नाकावरून बोट फिरवायची. लेक म्हणाली, “आई, बघ तरी कुणावर गेलीय.” तर म्हणे, “आत्ता कुठं चेहरा धरलाय तिनं? उन्हाळ्यात नीट बघेन, तोवर दातही येतील.”

मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. उतू गेलं. सगळं जाऊ दिलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. ते आठ दिवस. त्या आठ दिवसांतली कुठलीही पाच मिनिटं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बूटलोडर बसला! मशीन चालू केलं, काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी. जुनी. नवी. खालचा बाण दाबला, एंटर मारला, आणि माझी नवी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिली. अडखळत म्हणाली, “नमस्कार.” आवाज जणू सर्दी झालेल्या कारकुनाचा. मला गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू.

हिला ओढत आणलं. पुन्हा चालू केलं. ही वाट बघत उभी. मी म्हटलं, “हं, दाब.” म्हणाली, “काय दाबू? कधी?”

डोक्यात प्रकाश पडला. आवाज येतो तो सिस्टिम उठल्यावर. मेनू तर मुका! तो आला कधी, थांबलाय किती वेळ, हिला कळणार कसं? दाराशी नेऊन सोडलं, पण दार आहे कुठं ते दिसायला डोळे हवेत. पाच आठवडे घासून मी हे केलं.

हीच म्हणाली, “तुमच्या एक्स्चेंजात काय लोक बघून नंबर फिरवायचे? टोन आला की कळायचं ना, लाइन मोकळी आहे म्हणून?”

तीन वेळा वाचून काढलेल्या माहितीत ती ओळ होती. बूटलोडर बोलू शकत नाही, पण मशीनच्या आतल्या बोर्डावरचा बारीक भोंगा वाजवू शकतो. सूर किती उंच, किती लांब, सगळं लिहून देता येतं. मी वाचून पुढं गेलो होतो, मठ्ठासारखा.

११ फेब्रुवारी

आमच्या बोर्डावर भोंगाच नाही. स्क्रूकडे गेलो. खरं नाव कुणाला माहीत नाही. दुरुस्तीच्या दुकानात बसतो, बोलतानाही दातांत स्क्रू धरतो. म्हणाला, “काका, असले भोंगे आता कोण लावतं? मशीन उठलं की उठलं, बोंबलायचं कशाला?”

“बायकोला हाक मारायला.”

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. खूप हसला. मग भंगाराच्या खणात कोपरापर्यंत हात घालून एका मेलेल्या बोर्डावरून नखाएवढा भोंगा उपटून दिला. “नेऊन बघा. नाही वाजला तर काकूंनाच हाक मारायला सांगा.” जाताना विचारलंन, “कशा आहेत त्या?” मी म्हटलं, “बरी आहे. आराम चाललाय.” माझंच खोटं मलाच सवयीचं झालंय. आता त्याला जीभसुद्धा अडत नाही.

१३ फेब्रुवारी

वाजला! पहिला सूर लावला तर ही हॉलमधून ओरडली, “हे एंगेज वाजतंय! मी फोन ठेवून देईन.” कान बघा! खरंच, हाताच्या सवयीनं मी एंगेजचेच आकडे घातले होते. बदलून सलग लांब सूर केला. “हां. ही मोकळी लाइन.”

बाणांचं जमेना. खालचा बाण चाचपडता चाचपडता भलतंच दाबलं जायचं. तर म्हणते, “एफ आणि जे ठेवा.”

“तेच का?”

“तुमचं बोट आणा इकडे.” माझं बोट धरून तिनं दोन्ही बटणांवरून फिरवलं. दोहोंवर बारीक उंचवटा. “टायपिस्टची बोटं इथंच बसतात. न बघता.” इतकी वर्षं की-बोर्ड वापरतोय, मला कधी लागला नाही तो उंचवटा.

आता असं. लांब सूर वाजला की मेनू आला. एफ दाबलं तर जुनी, एक छोटा सूर. जे दाबलं तर नवी, दोन छोटे. तिनं माझं बोट बराच वेळ सोडलं नाही. बोलायची तीच वेळ होती. मी म्हटलं, “चहा टाकू का?”

१५ फेब्रुवारी, रविवार

फजिती. टेबल पुसायला म्हणून पेनड्राइव्ह काढला आणि मशीन चालू केलं. ना सूर ना मेनू, सरळ जुनी उठली. जसं काही मी काही केलंच नाही! तासभर डोकं धरून बसलो. मग उलगडलं. बूटलोडर मी मशीनच्या डिस्कवर बसवलाच नव्हता. पेनड्राइव्हवर बसवला होता! तो खोचलेला होता म्हणून पाच दिवस सगळं सुरळीत. म्हणजे मी कुलूप बदललं आणि ते शेजाऱ्याच्या दाराला लावलं.

हिला सांगितलं. इतकी हसली, इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. आणि मला दिसलं की डोळे पुसतानाही तिनं ते घट्ट मिटून घेतलेत. उघडले नाहीत. खर्च होतील म्हणून.

१६ फेब्रुवारी

काही केलं नाही. मशीनला हात लावला नाही.

१८ फेब्रुवारी

आता बरोबर डिस्कवर बसवला. पेनड्राइव्ह खणात. लांब सूर वाजला. हिनं हौसेनं एफ दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

मी बघितलं तर मेनूत एकच ओळ. नवी. जुनी गायब.

“माझी जुनी कुठंय?”

तिचा आवाज असा मी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांचं टायपिंग त्यात आहे, तिचा फाँट, लेकीच्या लग्नाचे फोटो. म्हटलं, “आहे गं, जागेवर आहे, फक्त यादीत नाव नाही.” खरंच तसंच होतं. तयार लिनक्समध्ये दुसऱ्या सिस्टिमी शोधून यादीत घालणारा एक शोध्या असतो. माझ्या हातच्या लिनक्समध्ये मी तो घातलाच नाही.

“पण परत येईल ना? मला लागणार आहे हो ती.”

खरं लिहितो. क्षणभर मनात आलं की म्हणावं, गेली. नाही येणार परत. आणि मग म्हणावं, लागणारही नाही तुला. एका वाईट बातमीच्या पाठोपाठ दुसरी, एकदाच रडून मोकळं. तोंड उघडलंसुद्धा.

“येईल,” म्हटलं. “दहा मिनिटांत.”

२० फेब्रुवारी

दहा मिनिटांना दोन दिवस लागले. शेवटी चार ओळी हातानं लिहिल्या — पहिल्या डिस्कचा पहिला भाग, तिथं जो कोणी झोपलाय त्याला उठव. एफ. एक छोटा सूर. जुनी उठली. हिनं दोन्ही हात टेबलावर ठेवून श्वास सोडला.

मग वाद. काहीच दाबलं नाही तर दहा सेकंदांनी कुठली उठावी? मी म्हटलं नवी. बोलेल तरी. ही म्हणाली, “जुनी. घर तिचं आहे. नवी पाहुणी आहे, राहील थोडे दिवस आणि जाईल.”

मी आकडा बदलला. शून्य लिहिलं, म्हणजे पहिली ओळ, म्हणजे जुनी. जिच्यात ही पुन्हा कधीच जाणार नाही तिला यजमान केलं. हा सगळा बूटलोडर, हे सूर, ही एफ-जेची हुशारी... खरं बोललो असतो तर यातलं काही लागलंच नसतं. एक सिस्टिम, एक दार. तीन आठवडे मी माझ्या खोट्यालाच बिजागऱ्या बसवतोय.

२३ फेब्रुवारी

सराव. दहातून सात वेळा बरोबर. बाकीच्या तीन वेळा ही सूर संपायच्या आधीच जे दाबते. “लहानपणापासून घाई आहे मला,” म्हणाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळी उठलो तर खोलीत दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय. ही बटणापाशी उभी. चष्मा काढलेला. मान वर करून दिव्याकडे बघतेय. लावते, बघते. विझवते. लावते.

मी पांघरुणात तसाच पडून राहिलो. मला कळलं.

“बल्ब गेलाय वाटतं,” म्हणाली.

दिवा लख्ख लागलेला होता. मी म्हटलं, “हो. गेलाय.”

“बदला बरं.”

आणि मी बदलला! स्टूल घेतलं, चढलो, चांगला बल्ब काढला, दुसरा चांगला बल्ब लावला. ही खाली स्टूल धरून उभी. “सांभाळून,” म्हणाली. मी म्हटलं, “झालं.” थोड्या वेळानं म्हणाली, “खिडकी उघडी आहे का हो?”

उघडी होती. बाहेर ऊन होतं.

२८ फेब्रुवारी

चांगला बल्ब कपाटात ठेवलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

१ मार्च, रविवार

ही रडली नाही. तेच जास्त जिव्हारी लागतंय. म्हणते, “आराम कमी पडला असेल. मागच्या आठवड्यात ते मोबाइलवर घड्याळ बघायला गेले ना, तेव्हाच डोळा खुपला होता.” स्वतःला दोष देतेय! मी दिलेल्या आरामात आपलंच काही चुकलं म्हणून. काल दिवसभर बाल्कनीत बसली. दिवसभर. जेवायला उठेना.

नऊ तारखेला डॉक्टर. “तेव्हा विचारू, आणखी किती आराम लागेल ते,” म्हणाली.

नऊच्या आत सांगायलाच हवं. दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. ठरवलंय: ज्या दिवशी ही मशीन एकटी चालू करेल, बटणापासून शेवटपर्यंत, मी घरात नसल्यासारखा, त्या दिवशी सांगायचं. आधी हातात काहीतरी द्यायचं, मग काढून घ्यायचं. भेकडाचा हिशेब आहे, मला कळतं. पण ठरवलंय.

३ मार्च

आवाजाचा वेग ठरवायचा होता. फार भरभर बोलतो, जोडाक्षरं गिळतो. ऐकायला मोठा मजकूर हवा. हाताशी काय, तर हीच वही. फेब्रुवारीची पानं बसून मशीनमध्ये उतरवली आणि कानाला लावून ऐकली. सर्दी झालेला कारकून वाचत होता — “दूध तापवत होतो. उतू गेलं. सगळं जाऊ दिलं.” हवामान सांगावं तसं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट पाप, आणि पूर्णविरामाला व्यवस्थित थांबतोय! हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही.

वेग कमी केला. आता “ज्ञ” पण नीट म्हणतो.

४ मार्च, बुधवार

केलं!!

मी मुद्दाम स्वयंपाकघरात. कान तिकडे. आधी बटणाचा खटका. मग लांब सूर. मोजत होतो — एक, दोन. संपू दिला तिनं. मग दोन छोटे सूर. जे! मग तो आपला कारकून, “नमस्कार.” मग तिची बोटं. किती दिवसांनी ऐकला तो आवाज, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. कारकुनाची दमछाक, तो मागं, ही पुढं. शेवटी धापा टाकत वाचलं त्यानं:

“अहो. उभे काय. चहा टाका.”

मी ओट्याला धरून हसत राहिलो. ती तिकडे हसतेय. संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होती. लेकीला पत्र लिहिलं. पुसलं, परत लिहिलं. कारकुनाला “गाढवा” म्हणायला लावलं. म्हणाली, “चांगली आहे हो तुमची पाहुणी. राहू दे तिला हवी तेवढी.” आज काळा चष्मा टेबलावर विसरली होती.

ठरल्याप्रमाणे आज सांगायचं होतं. पण आज हसलीय ती. एवढा एक दिवस राहू दे. उद्या भाजी घेऊन येतो आणि बसून सांगतो. शब्दही जुळवलेत.

५ मार्च

भाजी घेऊन आलो तर जिन्यातच आवाज आला. कारकून वाचत होता. “आराम हा शब्द माझ्या पदरचा.”

परवा उतरवलेली पानं मी पुसलीच नव्हती. हिचं पत्र सोडलं तर सगळ्या सिस्टिमीत ती एकच फाईल. यादी वाचायला लावली की त्या फाईलचं नाव येणारच.

दारात उभा राहिलो, पिशवी हातात तशीच. तिनं शेवटपर्यंत वाचू दिलं. मग एक बटण दाबून त्याला गप्प केलं. ओरडली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली होती, डोळे सताड उघडे.

“मी डोळे मिटून बसले हो,” म्हणाली. “चार महिने.”